अंडं लांब की जाड?

पोरांनो, आज गोष्ट अंड्याच्या वजनाची. लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही वाडीवर जा. खळ्यावरची ज्वारी टिपणारी, उकिरडा उकरणारी, वाळवी दिसली की झडप घालणारी गावरान कोंबडी दिसेलच. तिचं अंडं कधी ३५ ग्रॅम भरतं, कधी ४५. का बरं?

आधी अंडं घडतं कसं ते ऐका. पिवळा बलक अंडाशयातून सुटून अंडनलिकेत शिरतो. तिथं तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक जमतो, मग तास-सव्वा तासात पातळ पापुद्रे चढतात. कवचाला मात्र जवळजवळ २० तास लागतात! त्यासाठी लागणारं सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम कोंबडी चाऱ्यातून मिळवते, आणि रात्री ते कमी पडलं तर आपल्या हाडांतून काढून देते.

नुकती अंड्यावर आलेली तलंग लहान अंडी घालते. वय वाढतं तसं अंडंही मोठं होतं. वैशाखात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कोंबडी चोच उघडून धापा टाकते, खाणं कमी करते. मग अंडं लहान होतं, कवचही पातळ पडतं.

एवढी कारणं एकमेकांत गुंतलेली. त्यातून वजनाचा अंदाज बांधायचा कसा? इथं कामाला येतं डेटा मायनिंग, म्हणजे नोंदींच्या ढिगात दडलेला नियम शोधणं. त्याची एक रीत ‘निर्णयवृक्ष’. लिओ ब्रायमन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८४ साली तिच्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. कोडं सोडवताना आपण एकेक प्रश्न विचारतो ना, तसंच संगणक करतो. रुंदी ३.९ सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? हो म्हणणारी अंडी एकीकडं, नाही म्हणणारी दुसरीकडं. मग प्रत्येक ढिगाला पुढचा प्रश्न. कोणता प्रश्न आधी विचारला की ढीग सर्वांत नीट वेगळे होतात, हेही तोच शोधतो.

आता गंमत बघा. १९७९ साली डोनाल्ड हॉइट यांनी पक्ष्यांच्या अंड्यांसाठी सोपं सूत्र दिलं: लांबी गुणिले रुंदी, पुन्हा गुणिले रुंदी, आणि त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त म्हणजे घनफळ. अंडं ५.२ सेंटिमीटर लांब आणि ३.९ रुंद असेल, तर ताजं वजन येतं साधारण ४३ ग्रॅम. लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर वजन दहा टक्क्यांनीच वाढतं. रुंदी तेवढीच वाढली तर एकवीस! संगणकाला भूमिती कुणी शिकवलेली नसते, तरी खऱ्या मापांतून रुंदीचं हे मोल त्याला उमगू शकतं.

याचा उपयोग काय? एकविसाव्या दिवशी निघणारं पिल्लू अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. खुडूक कोंबडीखाली कोणती अंडी ठेवायची, हे तराजू नसला तरी पट्टीनं ठरवता येईल.

पण नोंद खरी हवी. कवचाच्या हजारो छिद्रांतून पाणी उडत राहतं आणि अंडं रोज हलकं होतं, म्हणून माप त्याच दिवशी घ्या. दोन कंपासपेट्यांमध्ये अंडं हलकेच धरा, पट्टीनं अंतर मोजा. वहीत कोंबडी, तारीख, लांबी, रुंदी, वजन लिहा. फार्मवरच्या कोंबड्यांचा हिशेब मालक ठेवतो. आपल्या गावरान कोंबडीचा हिशेब तुम्हीच ठेवायला हवा. पुढं तुमच्यातलं कुणी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेलं, तर ती वही सोबत न्या.