बॉबी जोन्स : गुण कमी, वचक मोठा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या १९८३ च्या विजेत्या संघाचा विषय निघाला की ज्युलियस अर्विंग आणि मोझेस मलोन ही नावं आधी येतात. बॉबी जोन्स (जन्म १९५१, शार्लट) तर सुरुवातीच्या पाच खेळाडूंतही नसे. बाकावरून उठायचा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत धोकादायक फॉरवर्डला जखडून ठेवायचा. राखीव खेळाडूंसाठीचा ‘सिक्स्थ मॅन’ पुरस्कार एनबीएने त्याच वर्षी सुरू केला, आणि पहिला मान त्यालाच मिळाला.

त्याची खरी कमाई मात्र बचावातली. १९७७ ते १९८४ सलग ८ वर्षं तो एनबीएच्या सर्वोत्तम बचाव संघात होता. उंची ६ फूट ९ इंच, पण धसमुसळेपणा नाही. पावलं आधी योग्य जागी, हात वर आणि पुढच्याच्या पासवर नजर. स्वतःचा फाऊल झाला, तर पंचांशी हुज्जत न घालता हात वर करून मोकळा. हे सगळं अपस्मार आणि दमा सांभाळत, औषधं घेत.

त्याहीआधी, म्युनिक ऑलिंपिकमधल्या (१९७२) बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाकडून ५१-५० असा वादग्रस्त पराभव झाल्यावर अमेरिकन संघाने रौप्यपदकं नाकारली. जोन्स त्याच संघातला.

निवृत्ती १९८६. सामन्यामागे सरासरी जेमतेम १२ गुण. आकडे पाहणाऱ्यांना तो दिसलाच नाही. ‘हॉल ऑफ फेम’चं दार उघडलं थेट २०१९ मध्ये. तब्बल ३३ वर्षं! हा उशीर अन्यायच होता.