विनंतीअर्ज नव्हे, स्वतःची ओळख

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतली एक मुलगी घरी आली. "जयभीम काका, एवढं लिहून द्या," म्हणत तिने कागद पुढे केला. तिचे बी.ए. यंदा पूर्ण होत आहे आणि पुढील शिक्षणासाठी बाहेरच्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायचा आहे. मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सारे तयार होते. घोडे अडले होते एकाच रकान्यावर. त्यात स्वतःविषयी निवेदन लिहायचे होते. त्यालाच पर्सनल स्टेटमेंट म्हणतात.

वीस वर्षे मी कारकुनी करतो आहे. मोडनिंब आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील लोकांना रेशनकार्ड, घरकूल, पेन्शनचे शेकडो अर्ज लिहून दिले आहेत. 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की' हे वाक्य आता हातच लिहितो. त्याच सवयीने मी लिहिले : मी गरीब व मागासवर्गीय कुटुंबातील असून आईवडील मोलमजुरी करतात, तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा.

पोरीने वाचले. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, हे शेजारच्या कुणाच्याबी अर्जाला चालंल की. ह्यात मी कुठं हाय?"

मला उत्तर देता आले नाही. चूक माझी होती. विनंतीअर्ज वेगळा आणि हे निवेदन वेगळे. विनंतीअर्जात आपण काहीतरी मागतो. इथे विद्यापीठ आपल्याला विचारते : तुला हाच विषय का शिकायचा आहे? त्यासाठी आजवर काय केलेस? शिकून पुढे काय करणार?

बाबासाहेबांना विचारलेले प्रश्न

हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. घरचा आधार गेला होता. त्याच वर्षी तरुण भीमराव परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी सयाजीराव महाराजांना भेटले. महाराजांनी त्यांना काय विचारले, हा प्रसंग चरित्रांत येतो. कोणते विषय शिकणार? ते शिकून काय करणार? भीमरावांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त हे विषय सांगितले. त्यांच्या अभ्यासातून आपल्या समाजाची अवस्था सुधारण्याचा मार्ग सापडेल, असे उत्तर दिले. गरिबी त्यांच्याही घरी होती, पण उत्तरात त्यांनी विषय सांगितला आणि कारण सांगितले. ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले.

मग हालअपेष्टा लिहूच नयेत का? जरूर लिहाव्यात. पण कशा लिहाव्यात, तेही बाबासाहेबांनीच दाखवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्यांच्या आठवणी १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. १९०१ साली वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनवर काय घडले, ते त्यात आहे. स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेणारा गाडीवान, डब्यात जेवण असून पाणी न मिळालेली रात्र. कोण काय बोलले, पुढे काय झाले, एवढेच सांगितले आहे. कुठेही 'माझी दया करा' नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आज ते अभ्यासाला आहे. आपल्या जिल्ह्यातील महूदच्या शांताबाई कांबळे यांनीही 'माज्या जल्माची चित्तरकथा' अशीच घडलेले सांगत लिहिली. फरक एवढाच की, आत्मकथनात सारे आयुष्य येते. निवेदनात त्यातला एखादा प्रसंग घ्यायचा आणि तो पुढच्या अभ्यासाशी जोडायचा.

आईच्या हजेरीची वही

मी पेन खाली ठेवला आणि पोरीला म्हणालो, "तुला अर्थशास्त्रच का शिकायचंय, ते मला सांग. लिहू नको, नुसतं बोल."

ती बोलू लागली. तिची आई डाळिंब निवडायला जाते. आईला लिहितावाचता येत नाही. म्हणून आठवीपासून ही पोर रोज रात्री आईची हजेरी एका वहीत मांडते : तारीख, काम, ठरलेली मजुरी, हातात आलेली मजुरी. एकदा मुकादमाने चार दिवस कमी धरले. वही पुढे ठेवल्यावर चारही दिवसांचे पैसे मिळाले. पण वही नसलेल्या बायांचे काय, हा प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. बायांच्या मजुरीचा हिशेब कोण ठेवते आणि कसा ठेवते, हेच तिला शिकायचे आहे.

"हे लिहायचं असतं व्हय?" तिने विचारले. "मला वाटलं, बक्षिसं लिहायची असत्यात."

तिने आधी मराठीत लिहिले, मग सोप्या, छोट्या वाक्यांत इंग्रजी केले. मी फक्त दाखल्यांशी तारखा जुळवून पाहिल्या.

पालकांनी आणि मुलांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंग्लंडमध्ये पदवीचे अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात. तिथे २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागतात : हा अभ्यासक्रम का, आजवरच्या शिक्षणाने काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय तयारी केली. मर्यादा एकूण ४००० अक्षरचिन्हांची, मोकळ्या जागाही त्यात धरतात. इतर विद्यापीठांचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचावेत. दुसऱ्याचे निवेदन उतरवून काढू नये. चोरी पकडली तर प्रवेश जाऊ शकतो. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना महिनाभर आधी भेटावे. आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिच्यासाठी आधी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो. म्हणजे शिष्यवृत्तीचा रस्ताही या निवेदनावरूनच जातो.

अर्ज पाठवण्याआधी पोरीने मराठी मजकूर आईला वाचून दाखवला. आईने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच विचारले, "वहीतलं सगळं खरं लिवलंयस न्हवं?"

"व्हय आई, तारखेसकट."

"मग धाड."

अर्ज गेला आहे. उत्तर अजून यायचे आहे. वही मात्र रोज रात्री लिहिली जाते, आणि आता शेजारच्या दोन बायांची हजेरीही तीच मांडते.