संगणक प्रक्रियकाचे शीतन

संगणक प्रक्रियकाचे शीतन : संगणकाच्या प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णता सतत काढून घेऊन त्याचे तापमान ठराविक मर्यादेखाली राखण्याच्या क्रियेस प्रक्रियक-शीतन म्हणतात व त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या साधनास शीतक म्हणतात. बोलण्यात संगणकाच्या सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची रूढी आहे. येथे मात्र तिच्या आतील गणन करणारी मुख्य चिप एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे. शीतकाचे दोन प्रकार बाजारात मिळतात. प्रक्रियकाच्या खोक्यातूनच जो येतो तो मूळ शीतक व जो वेगळा विकत घेऊन बसवावा लागतो तो स्वतंत्र शीतक होय. या दोहोंतील निवड हा वरवर पाहता खर्चाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो आवाजाचा आणि त्याहूनही अधिक खोलीच्या तापमानाचा प्रश्न आहे. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात तर तो विशेषच तसा आहे.

१९८१ मधील आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील प्रक्रियकास कोणत्याही शीतकाची गरज नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून धातूचा ठोकळा व त्यावर छोटा पंखा ही जोडी नेहमीची झाली आणि २००४ च्या सुमारास काही प्रक्रियकांची उष्णता १०० वॉटच्या वर गेली. प्रक्रियकाने खर्च केलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. ही शक्ती स्पंदनसंख्येच्या सम प्रमाणात, तर विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५ वॉटचा प्रक्रियक म्हणजे जुन्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता. परंतु ती बाहेर पडते जेमतेम नखाएवढ्या जागेतून. तापमान सु. ९५° ते १००° से. च्या घरात गेले की, प्रक्रियक स्वतःच आपला वेग कमी करतो. संगणक बिघडत नाही, पण काम रेंगाळते आणि त्याचे कारण बहुधा वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

शीतकाची क्षमता औष्णिक रोधाने मोजतात. दर वॉटमागे प्रक्रियकाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी वर जाते, हा तो आकडा होय. उष्णता प्रथम पेस्टच्या पातळ थरातून धातूत, धातूतून पातळ पत्र्यांच्या रांगेत व तेथून हवेत जाते. तांब्याची उष्णता-संवाहकता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट असते. हवेची मात्र तांब्याच्या दहा-पंधरा हजारांश इतकीच भरते. त्यामुळे दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म पोकळ्यांतील हवा हुसकून लावण्यासाठी पेस्ट लागते. ती तुरीच्या दाण्याएवढी पुरते. जाड लेप दिल्यास पेस्टच अडसर ठरते, कारण धातूच्या मानाने तीही मंदवाहकच असते.

मूळ शीतक बहुधा ॲल्युमिनियमचा, ठेंगणा व वरून खाली वारा सोडणारा असतो. स्वतंत्र शीतकांपैकी सर्वांत प्रचलित प्रकार मनोऱ्यासारखा उभा असून त्यात उष्णतानळ्या असतात. उष्णतानळी म्हणजे आतून सच्छिद्र अस्तर असलेली, किंचित पाणी घालून निर्वात केलेली तांब्याची बंद नळी. तप्त टोकाशी पाण्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी बनते आणि अस्तरातून केशाकर्षणाने परतते. तिला पंप लागत नाही व तिचा आवाजही होत नाही. अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी प्रत्यक्षात उतरविली. उष्णता दूरवर नेता आल्यामुळे पत्र्यांचे क्षेत्र अनेक पटींनी वाढविता येते व त्यांवर १२० मिमी. किंवा त्याहून मोठा पंखा बसविता येतो.

येथेच आवाजाचा उलगडा होतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वाहणारी हवा निम्मी होते, परंतु आवाज सु. १५ डेसिबेलने उतरतो. कानाला तो निम्म्याहूनही बराच कमी वाटतो. याउलट लहान पंख्याला तेवढीच हवा लोटण्यासाठी जलद फिरावे लागते व त्याचा सूर उंच, किरकिरा असतो. शांतता मिळते ती पत्र्यांच्या क्षेत्रफळामुळे. महाग पंख्यामुळे क्वचितच.

परदेशी पुस्तिकांतील मोजमापे साधारणपणे २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर असून एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या आसपास असते. समुद्रसपाटीवरील २० अंशांची एक घन मी. हवा दर मिनिटाला पत्र्यांतून गेली, तर स्वतः एक अंशाने तापताना ती सु. २० वॉट उष्णता वाहून नेते. धाराशिवची मे महिन्यातील हवा विरळ असल्याने तेवढ्याच आकारमानात हे प्रमाण सु. १७ वॉटवर येते. ही घट लहान असली, तरी तापमानातील फरक लहान नाही. समजा, पंखा निम्म्या वेगाने फिरत असता मूळ शीतकाचा रोध दर वॉटला ०·८ अंश व मनोरा-शीतकाचा ०·३५ अंश आहे. ६५ वॉटच्या प्रक्रियकाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा पहिल्यात ५२, तर दुसऱ्यात सु. २३ अंशांनी वर जाईल. पौषातील रात्री पेटीच्या आत २४ अंश असताना मूळ शीतक ७६ वर थांबेल आणि कोणाचीही तक्रार राहणार नाही. मे महिन्यात पेटीच्या आत ४६ अंश असताना तोच ९८ वर जाईल. म्हणजे पंखा पूर्ण वेगाने गरजू लागेल. मनोरा-शीतक ६९ वर राहील. म्हणून निवडीचा हिशोब मे महिन्यातील दुपार धरून करावा.

नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरील बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल उन्हाळ्यातही गार लागतो, कारण तेथे दगडाचा प्रचंड साठा व पाणी दोन्ही उष्णता घेतात. प्रक्रियकावरील शीतकाला ही सोय नाही. कितीही किंमत मोजली तरी तो प्रक्रियकाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला घरगुती कूलर कोरड्या हवेत खोलीचे तापमान आठ-दहा अंशांनी उतरवितो व त्याचा लाभ संगणकालाही होतो. मात्र त्याचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये, कारण पाण्याच्या सूक्ष्म थेंबांतील क्षार मदरबोर्डवर साचतात. शिवाय असा कूलर चालू असता प्रक्रियकाच्या पंख्याचा आवाज कोणाला ऐकूही येत नाही. शांत शीतकाची खरी किंमत कळते ती रात्री : एकाच खोलीत कोणी निजले आहे, कोणी अभ्यास करीत आहे आणि कोणी संगणकावर काम करीत आहे अशा घरात, किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्यास.

पत्रलेखन, हिशोब, अर्ज भरणे यांसारख्या कामांत प्रक्रियक बहुतेक वेळ निष्क्रिय असतो. तेथे मूळ शीतक पुरेसा आहे. त्याच्या खालच्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याने आसपासचे विद्युत् दाब नियंत्रित करणारे घटकही थंड राहतात, हा त्याचा दुर्लक्षित गुण होय. चित्रफितींचे संपादन, अभियांत्रिकी आराखडे यांसारखी तासन्‌तास चालणारी कामे असतील, तर स्वतंत्र शीतक घ्यावा. ६५ वॉट लिहिलेले काही प्रक्रियक थोड्या वेळापुरते १०० वॉटच्या वर जातात, हेही ध्यानात ठेवावे. काहींच्या बाबतीत निवडच उरलेली नाही : इंटेलने २०१५ पासून आपल्या ‘के’ मालिकेतील प्रक्रियकांबरोबर शीतक देणे बंद केले. १२० मिमी. पंख्याचा मनोरा सु. १६ सेंमी. उंच असतो आणि अरुंद पेटीचे झाकण त्यावर बसत नाही. तेव्हा आधी पट्टीने मोजावे. एक किग्रॅ. वजनाचा शीतक लावलेला संगणक सोलापूरहून वा लातूरहून एसटीने आणावयाचा झाल्यास शीतक उतरवून आणणे बरे.

द्रवशीतन महासंगणकांत जुनेच आहे. १९८५ चा क्रे-२ तर अक्रिय द्रवात बुडवून ठेवलेला असे. घरगुती संगणकासाठी पंप व नळ्यांसह मिळणारे संच अतिशय तापणाऱ्या प्रक्रियकांना उपयोगी असले, तरी पंपाचा बारीक गुणगुणाट अखंड चालू राहतो. सामान्य प्रक्रियकासाठी ते घेण्यात अर्थ नाही. त्याआधी करून पाहण्याजोगा उपाय बिनखर्ची आहे : प्रक्रियकाची शक्तिमर्यादा संगणकाच्या मूळ मांडणीत थोडी कमी करावी. विद्युत् दाबाचा वर्ग मोजला जात असल्याने वेग किंचित घटतो, पण उष्णता बरीच उतरते.

उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखी बसते व सर्व आकडेमोड फोल ठरविते. पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीत एकदा ती मऊ कुंचल्याने झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर वाऱ्याच्या झोताने ते वाजवीपेक्षा जलद फिरून त्याचा धारवा खराब होतो. शीतक उतरविल्यास जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावावी लागते.