जर्मन सैनिकी पदकसमूहाच्या मूळ धन्याचा शोध

एखाद्या जुन्या कागदावर शिक्का-मोर्तब नसलें म्हणून दप्तराचा अभ्यासक तो टाकून देत नाहीं. अक्षराचें वळण, मायना, कागदाचा पोत, उल्लेखिलेलीं गांवें ह्यांवरून तो त्याचा काळ व लेखक ठरवूं पाहतो. जर्मन सैनिकांच्या पदकांविषयीं नेमका हाच प्रसंग येतो. तो कसा सोडवावा, त्यांत कोठें थांबावें व कोणती चूक कधींच भरून येत नाहीं, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिल्या महायुद्धांत (१९१४–१९१८) लढलेल्या हिंदी शिपायास मिळालेल्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. रत्नागिरी-साताऱ्याकडील एखाद्या घरांत असें पदक निघालें, तर तें कोणाचें हें तें पदकच सांगतें. जर्मन पदकांवर बहुधा असें नांव नसतें. आयर्न क्रॉसच्या प्रथम वर्गाच्या पाठीवर क्वचित् एखाद्यानें स्वखर्चानें आपलें नांव व तारीख कोरून घेतलेली आढळते. पण तो अपवाद होय. महायुद्धांत द्वितीय वर्गाचे आयर्न क्रॉस सुमारें पन्नास लक्ष दिले गेले. तेव्हां एकट्या क्रॉसवरून धनी ओळखणें अशक्य आहे.

मग साधन कोणतें? साधन म्हणजे समूह. जर्मन सैनिक आपलीं पदकें एका पट्टीवर ठराविक अनुक्रमानें फितींसह शिवून छातीवर लावीत. १८७१ सालीं जर्मन साम्राज्य स्थापन झालें, तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी व वुर्टेंबर्ग ह्या चार राज्यांचें सैनिकी कारभार वेगळे राहिले. शिवाय लहानमोठे राजे आणि हांबुर्ग, ब्रेमेन व लूबेक हीं स्वतंत्र नगरें आपापलीं पदकें देत. त्यामुळें एकेका माणसाच्या पट्टीवर जो मेळ जमे, तो त्याच्या नोकरीचा जणूं संक्षिप्त वृत्तांतच होय.

हा वृत्तांत वाचण्याची रीत अशी. प्रथम प्रत्येक पदकाचें साल व प्रकार पाहावा. आयर्न क्रॉस प्रशियाच्या राजानें १८१३ सालीं स्थापिला व १८७०, १९१४ आणि १९३९ सालीं त्याचें पुनरुज्जीवन झालें. हीं सालें क्रॉसवरच असतात. १९१४ च्या द्वितीय वर्गाची फीत काळी व पांढऱ्या पट्ट्यांची असल्यास तो लढणाऱ्यास मिळालेला, आणि पांढरी व काळ्या पट्ट्यांची असल्यास न लढणाऱ्या सेवकास मिळालेला समजावा. दुसरें, राज्य ठरवावें. बव्हेरियाचा सैनिकी गुणवत्तेचा ऑर्डर अधिकाऱ्यांस मिळे व त्याच नांवाचा क्रॉस शिपाई व कनिष्ठ हुद्देदारांस मिळे. म्हणून ह्या एका खुणेनें राज्य व दर्जा ह्या दोहोंचा अंदाज येतो. तिसरें, पट्टी केव्हां शिवली तें पाहावें. हिंडेनबुर्गनें जुलै १९३४ मध्यें स्थापिलेला महायुद्धाचा मानाचा क्रॉस पट्टीवर असेल, तर ती त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. त्यावर तलवारी असल्यास धनी आघाडीवर लढलेला होता असें समजावें. १९३६ मध्यें सुरू झालेलीं दीर्घसेवेचीं पदकें त्याच्यापुढें असल्यास मनुष्य नव्या सैन्यांतहि राहिला, हें उघड होतें.

येथवर पदकें बोलतात; पुढें कागद बोलावे लागतात. प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या १९१४ पर्यंत निघत असत व त्यांत प्रत्येकाच्या नांवापुढें त्याचे सन्मान संक्षिप्त खुणांनीं दिलेले असत. पट्टीवरील मेळ ह्या खुणांशीं ताडून पाहिल्यास कधीं कधीं एकच नांव उरतें. साध्या शिपायाचें नांव मात्र ह्या याद्यांत नसतें. त्याच्यासाठीं १९१४ ते १९१९ ह्या काळांत प्रसिद्ध झालेल्या मृत व जखमींच्या याद्या, त्याची सैनिकी पुस्तिका आणि सन्मानपत्रें हींच साधनें. हिंडेनबुर्गच्या क्रॉसचें प्रमाणपत्र स्थानिक अधिकारी नांवानिशीं देत, म्हणून तें पट्टीसोबत सांपडल्यास माणूस व गांव दोन्ही हातीं येतात.

येथेंच मोठी अडचण उभी राहते. एप्रिल १९४५ मध्यें पोट्सडॅमवर झालेल्या बाँबहल्ल्यांत तेथील सैनिकी दप्तर जळालें व प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक मूळ कागद त्याबरोबर नाहीसे झाले. बव्हेरियाचे म्यूनिक येथील, वुर्टेंबर्गचे स्टुटगार्ट येथील व सॅक्सनीचे ड्रेस्डेन येथील कागद बऱ्याच अंशीं शिल्लक आहेत. म्यूनिकच्या शिपायांच्या नोंदवह्यांत तर जन्मस्थान, लढाया व पदकें ह्यांचाहि उल्लेख मिळतो. म्हणजे बव्हेरियन शिपायाचा माग लागण्याची आशा अधिक. प्रशियन शिपायाच्या बाबतींत मात्र कित्येकदां ती पट्टी हाच त्याच्या सेवेचा उरलेला एकमेव पुरावा असतो.

म्हणून घाईनें नांव देण्याचा मोह टाळला पाहिजे. एक उदाहरण घेऊं. पॉल फॉन लेटो-फोर्बेक हा अधिकारी १९००–०१ च्या चीनमधील मोहिमेंत व पुढें १९०४–०६ मध्यें नैर्ऋत्य आफ्रिकेंत होता. नोव्हेंबर १९१४ मध्यें मुंबईहून गेलेल्या हिंदी फौजेचा त्यानें पूर्व आफ्रिकेंतील टांगा येथें पराभव केला. त्यामुळें आपल्याकडील सैनिकी इतिहासाशींहि त्याचा संबंध आहे. आतां चीनचें पदक, नैर्ऋत्य आफ्रिकेचें पदक व आयर्न क्रॉस असलेली पट्टी पुढें आली, कीं विकणाऱ्याच्या तोंडीं हें प्रसिद्ध नांव सहज येईल. परंतु ह्या दोन्ही मोहिमांत गेलेले अधिकारी एकटेच नव्हते. त्याला १९१६ मध्यें मिळालेला ‘पूर ल मेरित’ गळ्यांत घालावयाचा. तो पट्टीवर नसतोच, म्हणून त्याच्या अभावावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. तसेंच नैर्ऋत्य आफ्रिकेच्या पदकामागें हेरेरो व नामा लोकांचा संहार आहे. त्या मोहिमेंतील धन्याचें नांव काढणाऱ्यानें ही बाजू झांकूं नये.

बनावटीचाहि विचार करावा लागतो. मूळ पट्टीवर पदकें बदलणें वा नवीं शिवून ‘दुर्मिळ’ मेळ तयार करणें हा धंदा चालतो. पाठीमागील कापड, टांके, फितींचा एकसारखा विटलेपणा आणि पदकांनीं कापडावर उमटवलेल्या खुणा पाहाव्या. अतिनील प्रकाशांत जे धागे झळाळतात ते बहुधा अर्वाचीन असतात.

आमच्या मतें निष्कर्ष तीन पायऱ्यांनीं लिहावा: नांवाचा कागद सोबत असल्यास ‘सिद्ध’, मेळ व यादी ह्यांवरून एकच नांव उरल्यास ‘संभाव्य’, एरवीं केवळ राज्य, दर्जा व काळ लिहून ‘अज्ञात’ म्हणावें. अज्ञात ठेवणें ही संशोधकाची हार नव्हे. खोटें नांव दिल्यास एकाचें स्मरण पुसलें जातें व दुसऱ्यावर भलतेंच लादलें जातें. सर्वांत मोठी हानि मात्र पट्टी सोडून पदकें सुटीं विकण्यानें होते. टांके एकदां उसवले कीं तो मेळ, म्हणजेच त्या माणसाचा वृत्तांत, कायमचा नाहींसा होतो. आणि त्याचे कागद जळालेले असतील, तर तो पुन्हां जुळविण्याचें कोणतेंहि साधन उरत नाहीं.