स्लॅमबुकातला ‘परमनंट अ‍ॅड्रेस’

स्लॅमबुक आठवतंय? तेच ते, गुलाबी कव्हरचं, पानापानावर टेडी आणि बदाम. नाव, निकनेम, बर्थडे, फेव्हरिट हीरो, फर्स्ट क्रश (इथे सगळे ‘सीक्रेट’ लिहायचे आणि ते सगळ्या वर्गाला माहीत असायचं). दहावीच्या सेंड-ऑफला आईची साडी नेसून आलेल्या मुली, बाबांचा टाय लावून आलेली मुलं, समोसा-वेफर्सची प्लेट आणि मुख्याध्यापकांचं दरवर्षीचं तेच भाषण. मग एक दिवस ऑफिसात बसल्या बसल्या कुणीतरी बॅचचा ग्रुप काढतं आणि गेट-टुगेदरची तारीख ठरेपर्यंत दोन वर्षं जातात! चंद्रपूरकर असाल तर त्यात जटपुरा गेट येणार, रामाळा तलाव येणार, मार्चमधलं डोकं फिरवणारं ऊन येणार आणि पेपरला निघताना आईने खिशात कोंबलेला कांदाही येणार.

आता याच चंद्रपुरातून एस. टी. पकडा. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. तिथून पुढे सागवानाच्या जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर गेलं की भामरागडच्या अलीकडे हेमलकसा लागतं. हो, तेच. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचं. दोघांना २००८ साली मॅगसेसे मिळालं, २०१४ मध्ये नाना पाटेकरांचा सिनेमा आला, आणि आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा पॉपकॉर्न खात डोळे पुसले. पण आपण हेमलकसा म्हटलं की दवाखाना आणि बिबट्याचं पिल्लूच आठवतो. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला, आणि १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा निघाली, ती मात्र पटकन आठवत नाही. आता ती बारावीपर्यंत आहे. म्हणजे तिथेही दरवर्षी एक बॅच बाहेर पडते. त्यांचं स्लॅमबुक कसं भरलं जात असेल?

सुरुवात भाषेपासूनच करू. आपण शाळेत गेलो तेव्हा ‘अ अननसाचा’ म्हणायला रडलो असू, पण बाईंचं बोलणं तरी कळत होतं. भामरागडकडच्या माडिया पोराच्या कानावर घरी मराठी पडायचीच नाही. माडिया ही तेलुगू-कन्नडच्या कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव. वर्गात गुरुजी म्हणाले ‘पेन काढा’, तर सहा वर्षांच्या जीवाने काय काढायचं? वर पुस्तकात आगगाडी, समुद्र आणि जहाज. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे उत्तरेला वडशाला शिवून जाते, भामरागडच्या पोरापासून कितीतरी लांब.

त्यामुळे सुरुवातीची पोरं पळून जायची. बंक मारून कँटीनला नाही हं, थेट जंगलातून चालत आपल्या गावी! मग कार्यकर्ते पायपीट करत गावात जायचे, आईबापांना समजवायचे, पोराला परत आणायचे. पोरगं पुन्हा पळायचं. मला विचाराल तर त्यात पोराची काही चूक नव्हती. घरी जंगल होतं, नदी होती, संध्याकाळी गोटुलचा ढोल होता. इथे बाक, घंटा आणि न कळणारी भाषा.

याच वर्गांत आमट्यांची स्वतःची मुलंही बसली. दिगंत, अनिकेत आणि आरती याच शाळेत शिकली. नागपूर-पुण्याला नातेवाइकांकडे ठेवून ‘चांगल्या शाळेत’ घालणं सहज शक्य होतं. अ‍ॅडमिशनसाठी रात्रभर रांगेत उभे राहिलेल्या आपल्या आईबाबांना हे सांगून बघा!

बर्थडेचा कॉलम घ्या. तुमच्या ऑफिसात १ जूनला वाढदिवस असणारे दोन-तीन जण असतीलच. केक कापतात आणि हळूच सांगतात, ‘यार, खरी तारीख ही नाही.’ खेड्यापाड्यात, जंगलात जन्माची नोंदच नसायची. गुरुजी पोराकडे एकदा बघायचे आणि अंदाजाने तारीख टाकायचे, शाळेत नाव घालायच्या हिशेबाने. पुढे जातीचा दाखला, नोकरी, रिटायरमेंट, सगळं त्या एका अंदाजावर. हेमलकशाच्या पहिल्या पोरांच्या बाबतीत तर जिल्हासुद्धा बदलला. १९७६ ला पहिलीत बसलेलं पोरगं चंद्रपूर जिल्ह्यातलं. वर्षाला एक इयत्ता चढत ते सातवीत पोचलं तोवर, २६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. शाळा जागची हलली नाही, पत्ता हलला.

आणि मार्च. आपल्याला मार्च म्हणजे दहावीचा पेपर, एवढंच. जंगलात मार्च-एप्रिल म्हणजे मोह. पहाटे झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडतो आणि अख्खं घर टोपल्या घेऊन वेचायला निघतं, कारण वर्षभराचा बराचसा पैसा त्यातून यायचा असतो. पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपत्ता. दहावीला बसलेलं पोरगं म्हणजे ऐन सीझनमध्ये घरातले दोन हात कमी. आपल्या घरी परीक्षेच्या काळात टीव्ही बंद व्हायचा. तिथे मिळकत कमी व्हायची. वर्गातले काहीजण चौथीत, काही सातवीत गळाले, त्यामागे हा हिशेब किती वेळा असेल! त्या पोरांचं पान कुठल्याच स्लॅमबुकात नाही.

पोचले त्यांच्याविषयी मात्र बोलायला हवं. डॉ. कन्ना मडावी याच शाळेतून शिकून डॉक्टर झाले. लालसू नोगोटी हेमलकशातून निघाले, पुढे पुण्यात शिकले आणि माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले गेले. पुण्याची चटक लागलेला माणूस परत जातो का? (आपण गेलो का? आईचा दर रविवारचा प्रश्न!) नोगोटी गेले. २०१७ मध्ये ते भामरागड भागातून गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले. दिगंत डॉक्टर होऊन हेमलकशाच्याच दवाखान्यात, अनिकेत प्रकल्पाच्या कामात. एका शाळेतली इतकी मुलं जुन्या पत्त्यावर सापडावीत, हे आपल्या ग्रुपवर होत नाही. आपल्याकडे ‘सध्या कुठे?’ विचारलं की बंगळुरू, हिंजवडी, न्यू जर्सी.

अर्थात परत जाणं म्हणजे सिनेमाचा शेवट नव्हे. पर्लकोटा फुगली की जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि भामरागडचा जगाशी संपर्क तुटायचा. नोकऱ्या मोजक्या. शिवाय शिकलेल्या पोराला माडिया बोलताना मधेच मराठी शब्द येतात, आणि घरची मंडळी हसतात. शाळेने काय दिलं हे विचारताना काय ठेवून घेतलं हेही विचारायला हवं, आणि ते विचारायचा हक्क त्या पोरांचा.

शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी काहीजण पुढे शिक्षक झाले. जूनमध्ये पहिलीच्या दारात रडणारं एखादं पोर असतंच, डोळा रस्त्याकडे, पळायच्या तयारीत. तेव्हा असे गुरुजी खाली वाकतात आणि त्याचं नाव विचारतात. माडियात.