जावरच्या मुशी

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत, तिडी नदीच्या काठी जावर आहे. जुन्या जावरमधल्या कित्येक घरांच्या भिंतींत दगडाऐवजी भाजलेल्या मातीची नळकांडी दिसतात. फूटभर लांबीची, एक टोक बंद असलेली ही नळकांडी ओळीनं रचून मातीत बसवली आहेत. आजूबाजूच्या टेकाडांवर पाय ठेवला तर पायाखालीही तीच. ही टेकाडं माणसांनी घातली आहेत. शतकानुशतकं इथे जस्त काढलं गेलं आणि काम झालेली प्रत्येक मूस, म्हणजे धातू काढायचं हे नळकांडं, बाजूला फेकली गेली. या ढिगांचं वजन एक लाख टनांहून कितीतरी जास्त भरेल.

जावरची किंमत कळायला आधी जस्ताचा स्वभाव कळायला हवा. तांबं किंवा शिसं काढताना खनिज कोळशासोबत तापवलं की धातू वितळून भट्टीच्या तळाशी जमतो. जस्त तसं जमत नाही. त्याच्या भस्मातून धातू मोकळा करायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि जस्त तर ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळतं. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की क्षणात तिचं पांढरं भस्म होतं आणि सगळी मेहनत धुरात जाते. म्हणूनच युरोपातले कारागीर शतकानुशतकं पितळ करत राहिले, पण सुटं जस्त न काढता. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवायचा; वाफ तिथल्या तिथे तांब्यात मुरायची. या रीतीनं पितळात साधारण २८ टक्क्यांपर्यंतच जस्त उतरतं.

जावरच्या लोकांनी ती वाफच पकडली. हवेपासून वाचवून तिला थंड जागी उतरवायचं, एवढी एक गोष्ट साधण्यासाठी त्यांनी जी साखळी उभी केली तिची प्रत्येक कडी आजही जमिनीवर किंवा जमिनीखाली सापडते.

पहिली कडी खाणीची. मोचिया, बलारिया, जावरमाला या डोंगरांतल्या जुन्या खाणींच्या भिंती गोलाकार, गुळगुळीत आहेत. खडकाला आग लावून तो तडकवायचा आणि मग सुटा करायचा, या पद्धतीची ती खूण. आत मिळालेल्या शिड्यांच्या आणि आधाराच्या लाकडांचं कार्बन कालमापन झालं, तेव्हा त्यांतली काही दोन हजार वर्षांहून जुनी निघाली. पुढची कडी वेचणीची. इथल्या खनिजात जस्त आणि शिसं एकत्र असतं, म्हणून ते फोडून, निवडून वेगळं करावं लागे. नंतर भाजणी. जस्ताचं सल्फाइड हवेत भाजलं की गंधक निघून जातो आणि भस्म उरतं.

मग मूस भरायची. भाजलेलं खनिज, डोलोमाइट, कोळशासारखा सेंद्रिय पदार्थ आणि थोडं मीठ एकत्र मळून त्याच्या बारीक गोळ्या वळल्या जात. त्या मुशीत भरून तोंडाशी मातीची निमुळती नळी लिंपून बसवायची आणि मूस उलटी करायची. उलट्या मुशीतून गोळ्या खाली घरंगळू नयेत म्हणून नळीतून एक काडी आत खुपसलेली असे. भट्टी तापेपर्यंत गोळ्या एकमेकींना चिकटून जागच्या जागी बसत आणि काडी जळून जाई. तिच्या जागी राहिलेल्या पोकळीतून जस्ताची वाफ खाली उतरे. ही काडी कोणत्याही ग्रंथात वाचून कळलेली नाही. जळक्या भरणातलं ते सरळ भोक पाहून संशोधकांनी ती ओळखली.

भट्टी दोन कप्प्यांची होती. मध्ये मातीच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या. मोठ्या भोकांतून मुशींच्या नळ्या खाली यायच्या आणि छोट्या भोकांतून राख झडायची. वरच्या कप्प्यात आग आणि सहा बाय सहा अशा छत्तीस मुशी. खालच्या थंड कप्प्यात नळ्यांची तोंडं आणि त्यांखाली जस्त झेलणारी भांडी. अशा सात भट्ट्या एका रांगेत, म्हणजे एका वेळी २५२ मुशी. वर साडेअकराशे अंशांच्या आसपास उष्णता काही तास टिकवायची आणि हातभर खाली धातू गोठेल इतका गारवा राखायचा. मूस एकदाच वापरता येई, म्हणून कुंभारकामही त्याच प्रमाणात अखंड चालू असणार. हा एखाद्या रसवैद्याचा प्रयोग राहिला नव्हता, पुरता कारखाना झाला होता. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीतून जस्त खाली उतरवण्याची कृती आहे; तीच कल्पना जावरमध्ये शेकडो मुशींच्या मापाची झाली.

हे सगळं उजेडात आलं ते १९८३ सालच्या उत्खननात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेचे पॉल क्रॅडॉक, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे, जुन्या खाणींचे अभ्यासक लिन विलीज आणि तिथे खाणकाम करणारी हिंदुस्तान झिंक ही कंपनी यांनी मिळून हे काम केलं. ढिगाऱ्याखाली भट्ट्यांची रांग सापडली, काहींत मुशी जागेवरच उभ्या होत्या. मुशींच्या बाहेरच्या बाजूला मातीची काच किती झाली आहे यावरून उष्णतेचा अंदाज आला, आतल्या राखेतून मिश्रण कळलं. गायकवाडांच्या बडोद्यात उभ्या राहिलेल्या विद्यापीठानं यात उचललेला वाटा मराठी वाचकानं आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. १९८८ मध्ये एएसएम इंटरनॅशनल या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेनं जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

जावरची भरभराट साधारण चौदाव्या शतकापासून. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त इथल्या जस्ताच्या खाणींची नोंद आहे. मेवाडच्या राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिनं इथे मंदिर आणि कुंड बांधलं. धातूच्या उत्पन्नानं गाव किती सधन होतं याची ती साक्ष. युरोपात विल्यम चॅम्पियननं ब्रिस्टलमध्ये जस्त काढण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये, आणि त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवली जात होती. चीनच्या कारागिरांनी हाच प्रश्न उभ्या मुशीच्या वरच्या टोकाशी वाफ गोठवून सोडवला. जावरच्या शेवटात आपल्याही इतिहासाचा हात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या खंडणीखाली मेवाड पिचून निघालं, त्यावर १८१२-१३ चा दुष्काळ आला आणि भट्ट्या विझल्या.

आता प्रश्न जपण्याचा. मंदिर जपायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही. फुटक्या मुशींचा ढीग जपायचा म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. पण जस्त तर केव्हाच बाजारात गेलं, पितळेत मिसळलं, वितळून पुन्हा वितळलं. ते कसं काढलं हे सांगायला फक्त टाकलेला माल मागे राहिला. खालच्या थरातली मूस आणि वरच्या थरातली मूस यांच्या आकारात, मातीत जो फरक आहे त्यात कारागिरांच्या पिढ्यांचं शिकणं आहे. ढिगातून एक मूस उचलून कपाटात ठेवली की मूस वाचते, तिचा थर हरवतो. आणि रस्त्याच्या भरावासाठी ढीगच उचलला, तर मागे काहीच उरत नाही.

म्हणून काम ढिगापासून सुरू व्हायला हवं. कोणता ढीग कुठे, किती खोल, याचे नकाशे आधी. मग काही ढिगांचे उभे छेद जागेवर राखून ठेवणं, पुढच्या पिढीच्या प्रयोगशाळेसाठी. उघड्या पडलेल्या भट्ट्यांवर छप्पर आणि भोवती पाण्याचा निचरा, कारण अर्धवट भाजलेली माती पावसात विरते. ढिगांतल्या राखेत शिसं असतं, तेव्हा माती-पाण्याची तपासणीही जतनाचाच भाग. मुशींच्या भिंती तर लोकांची घरं आहेत. त्यांची डागडुजी रहिवाशांना सोबत घेऊन, त्यांच्या सोयीनं व्हावी. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या अवशेषांना जागा आहे. राजस्थानातच राजपुरा-दरिबा इथे धातुपट्ट्यावरचा गंजलेला खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवला आहे. खडकाला जो मान मिळतो तो माणसाच्या हातच्या कामाला मिळायलाच हवा. शिवाय इथे खाण आजही चालू आहे. खाण कुठे सरकणार हे ज्यांना आधी कळतं, त्यांनीच १९८३ मध्ये उत्खननाला हात दिला होता. तो शिरस्ता कायम राहायला हवा.

महाराष्ट्रानंही यातून धडा घ्यावा. विदर्भात नायकुंडला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाणकाळातली लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, तीही मळी, म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा टाकाऊ चोथा, आणि मातीच्या नळ्यांच्या तुकड्यांवरूनच ओळखता आली. आपल्याकडे शेतं सपाट करताना, रस्ते रुंद करताना अशी मळी निघते आणि भरावात जाते. जिल्ह्याच्या पुरातत्त्व नोंदींत देवळं, किल्ले, लेण्यांच्या जोडीला भट्ट्यांचे आणि मळीचे ढीगही नोंदले गेले पाहिजेत. ज्यांनी हात भाजून धातू काढला त्यांनी लिहून काहीच ठेवलं नाही, आणि त्यांचं ज्ञान वाचायचं तर ते याच ढिगांत वाचावं लागेल.