माळ्यावरची सूर्यचूल

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला तो उन्हाचा. मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की २०२४ साली जगाचं सरासरी तापमान कारखान्यांचं युग सुरू होण्यापूर्वीपेक्षा दीड अंशाहून जास्त होतं. त्यावर आमच्या एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं, एवढे शास्त्रज्ञ बसलेत ना? मोबाइल काढला, तसं यावरही काढतील एखादं मशीन!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

काकूंचं अगदीच चूक नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारी यंत्रं निघाली आहेत. आइसलँडमध्ये २०२४ साली असा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. हवेतून पकडलेला वायू पाण्यात मिसळून जमिनीखाली, आपल्या दख्खनसारख्याच काळ्या खडकात मुरवायचा. प्रकल्पाची क्षमता वर्षाला ३६ हजार टन. आणि कोळसा, तेल वगैरे जाळून जग वर्षाला हवेत सोडतं सुमारे ३,७०० कोटी टन! म्हणजे दहा लाखांतला जेमतेम एक भाग. यंत्रं सुधारतीलही, पण तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं का?

आम्हा लातूरकरांना तर हे कळायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. टँकरपुढे घागरी घेऊन उभं असताना आम्ही किती शपथा घेतल्या! त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, आणि नळ पुन्हा मोकळे सुटले. ऊसही कुठे कमी झाला?

दुसऱ्यांना कशाला बोलू? माझ्याच घरात एक मशीन पंधरा वर्षं माळ्यावर पडून होतं. सूर्यचूल! ह्यांनी हौसेने आणलेली. काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. "दोन-तीन तास कोण वाट बघणार? अचानक पाहुणे आले तर?" असं म्हणत मीच ती वर टाकली होती. आणि घरात गॅस आला तेव्हा "गॅसवरची भाकरी पोटाला बाधते" म्हणणाऱ्या सासूबाईंना मात्र मी हसले होते.

त्या रविवारी चूल खाली काढली. काच पुसली, डब्यांत डाळ-तांदूळ लावले आणि दहाच्या उन्हात गच्चीवर ठेवली. एक वाजता वरण-भात तयार. पोळ्या अजून गॅसवरच होतात, आणि पावसाळ्यात चूल काही कामाची नाही, हेही खरं. पण उन्हाळ्यात रोजची कुकरची एक खेप वाचते.

पहिल्या दिवशी सासूबाई दोन घास खाऊन म्हणाल्या, "वरण गोड लागतंय गं. आधी का नाही काढलीस?"

काय उत्तर देणार?

मैत्रिणींनो, नवी यंत्रं येतील तेव्हा येतील. पण आधीच आलेलं एखादं तुमच्याही माळ्यावर नाही ना, एकदा बघा. परवा काकूंनीही हळूच विचारलं, "डाळ आधी भिजवावी लागते का गं?"